हौशी पोकर : निर्णय, नशीब आणि पत्ते टाकून देण्याची मुभा

(जव्हार इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन प्रकारचे अभिप्राय माझ्या कानावर आले. काही जण म्हणाले, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस पत्त्यांवर काय बोलणार? आणि काही जण म्हणाले, बरं झालं, या वेळी निदान समजेल तरी! दोघांचाही मान राखायचा प्रयत्न करतो.

आम्ही पाच-सहा जण शनिवारी संध्याकाळी पोकर खेळतो. बहुतेक निवृत्त, एक-दोघं नोकरीतले. पैसे लावत नाही. प्रत्येकाला शंभर चिंचोके मिळतात, ते संपले की त्या दिवसापुरता माणूस चहा करायला मोकळा. गेली काही वर्षं हा शौक चालू आहे. त्यात जे चढउतार दिसले, त्यांचा अर्थ काय लावायचा, हा आजचा विषय. मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. निर्णय चांगला होता की वाईट, हे निकालावरून ठरत नाही, हे पोकर शिकवतं. पण हे शिकायचं तर दोन गोष्टी आपल्या हातात हव्यात: किती लावायचं, आणि कधी पत्ते टाकून उठायचं. या दोन गोष्टी गेल्या की शौक संपला. मग जे उरतं त्याला दुसरं नाव आहे.

खेळ थोडक्यात

तीन पत्ती इथे सगळ्यांना माहीत आहे. दिवाळीत माहीत होते, गणपतीच्या जागरणात माहीत होते. बूट लावायचा, तीन पत्ते घ्यायचे, चाल करायची, नाही तर पॅक. पोकर हा त्याच कुळातला खेळ, पण अंगानं मोठा. आज सर्वांत जास्त जो प्रकार खेळतात त्याचं नाव टेक्सास होल्डेम. त्यात प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले मिळतात. मग टेबलाच्या मधोमध आधी तीन, मग एक, मग आणखी एक, असे पाच पत्ते सगळ्यांसाठी उघडे मांडतात. आपले दोन आणि मधले पाच, अशा सातांतून ज्याचे पाच पत्ते सर्वांत भारी, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर बोली होते. पुढे जायचं असेल तर दुसऱ्यानं लावलं तेवढं लावा, वाढवायचं असेल तर वाढवा, नाही तर पत्ते टाका.

तीन पत्तीत आणि यात फरक काय? तीन पत्तीत 52 पत्त्यांतून तीन घ्यायचे, म्हणजे एकूण 22,100 वेगवेगळे हात होऊ शकतात. त्यांतले 16,440 हात असे, की ज्यांत काहीच नाही. जोडी नाही, रंग नाही, क्रम नाही. म्हणजे चारांतल्या तीन वेळा तुमच्या हातात नुसते आकडे असतात. ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते सारखे, असे हात फक्त 52. सव्वाचारशे डावांत एकदा. आणि पत्ते हातात आले की पुढे नवीन काही कळत नाही; समोरच्याचा चेहरा आणि त्याची चाल, एवढंच. पोकरमध्ये मात्र प्रत्येक टप्प्यावर नवीन पत्ता उघडतो, नवीन माहिती मिळते, आणि त्या माहितीवर पुन्हा निर्णय घ्यावा लागतो. म्हणून त्यात विचाराला जागा जास्त. नशीब जात नाही. पण नशिबाच्या शेजारी विचाराला बसायला पाट मिळतो.

बरोबर निर्णय, हरलेला डाव

आता एक उदाहरण घेऊ. थोडी आकडेमोड आहे, पण चौथीच्या मुलाला जमेल एवढीच.

तुमच्या हातात दोन बदाम आहेत. मध्ये चार पत्ते उघडलेत, त्यांतही दोन बदाम. आणखी एक पत्ता उघडायचा आहे. तो बदाम निघाला तर तुमचे पाच बदाम होतात, आणि समोरच्याकडे जोडी असेल तर डाव तुमचा. नाही निघाला तर त्याचा. मध्ये 400 चिंचोके साठलेत. समोरच्यानं आणखी 100 टाकले. आता तुम्हाला राहायचं तर 100 टाकावे लागतील. काय कराल?

बदाम एकूण 13. चार दिसले, नऊ उरले. तुम्हाला दिसलेले पत्ते सहा, न दिसलेले 46. म्हणजे 46 पैकी 9 पत्ते तुमचे, 37 समोरच्याचे. हाच प्रसंग 46 वेळा आला आणि प्रत्येक पत्ता एकेकदा निघाला असं समजा. नऊ वेळा तुम्ही 500 जिंकाल, म्हणजे 4,500. सदतीस वेळा तुम्ही 100 घालवाल, म्हणजे 3,700. वर उरले 800. तेव्हा राहणं बरोबर.

पण आता नीट बघा काय झालं. निर्णय बरोबर आहे, आणि तरीही पाचांतल्या चार वेळा तुम्ही हरणार आहात. तुमच्या मागे उभा असलेला मेहुणा पाचांतल्या चार वेळा म्हणणार, "सांगत होतो, नको जाऊ म्हणून!" आणि तो चुकीचा असेल.

उलटं करून बघू. मध्ये 400 ऐवजी 200 असते तर? राहिल्यास मिळणार 300. नऊ गुणिले 300, 2,700. जाणार 3,700. आता राहणं चूक. पण पाचांतल्या एका वेळी नेमका बदाम निघतो, तुम्ही मांडीवर थाप मारता, आणि मेहुणा म्हणतो, "याला म्हणतात हिंमत!" तोही चुकीचा, आणि तुम्हीही. वाईट निर्णयाला बक्षीस मिळालं, एवढाच त्याचा अर्थ. आणि बक्षीस मिळालेली सवय सुटायला फार जड जाते.

ही गोष्ट पत्त्यांपुरती नाही. आपल्या घाटातला रस्ता घ्या. दोन चालक एकाच आंधळ्या वळणावर समोरचं दिसत नसताना पुढची गाडी ओलांडतात. एकाच्या समोर रस्ता मोकळा असतो. दुसऱ्याच्या समोर ट्रक येतो. पहिला घरी जाऊन जेवतो, दुसरा कोर्टात उभा राहतो. दोघांनी केलं ते एकच. 1976 मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी हाच प्रश्न मांडला, आणि त्याला 'नैतिक नशीब' असं नाव पडलं. जे आपल्या हातात नव्हतं त्यावरून आपल्याला चांगलं किंवा वाईट ठरवलं जातं, हे न्याय्य आहे का? त्यावर अजून वाद संपलेला नाही. पण त्या पहिल्या चालकानं त्या रात्री काय शिकायला हवं होतं, याबद्दल तरी वाद नसावा. आणि तो ते शिकत नाही, कारण त्याला काही झालं नाही. हीच अडचण आहे.

चढउतारांचा हिशेब

हौशी माणसाला सर्वांत जास्त छळतात ते चढउतार. सलग चार शनिवार जिंकला की त्याला वाटतं, आपल्याला खेळ कळला. सलग चार हरला की वाटतं, साडेसाती. दोन्ही वेळा तो पुराव्यापेक्षा जास्त बोलत असतो.

समजा एखादा खेळाडू खरोखर चांगला आहे. इतका, की कुठल्याही एका दिवशी तो जिंकण्याची शक्यता शंभरात 55 आहे. मित्रांच्या टोळक्यात एवढी आघाडी पुष्कळ झाली. तो दहा दिवस खेळला, तर जिंकलेल्या दिवसांपेक्षा हरलेले दिवस जास्त असण्याची शक्यता किती? शंभरात 26. म्हणजे चांगला खेळाडूसुद्धा चारांतल्या एका वेळी दहा दिवसांच्या शेवटी कपाळाला हात लावून बसलेला असेल. शंभर दिवस खेळला तरी हरलेले दिवस जास्त असण्याची शक्यता साधारण 13 टक्के उरते. आणि आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला शंभर दिवस म्हणजे दोन वर्षं!

होल्डेममध्ये दोन एक्के हातात येणं ही सर्वांत चांगली सुरुवात. सरासरी 221 डावांत एकदा येतात. समोर राजांची जोडी असली तरी एक्के शंभरात सुमारे 82 वेळा जिंकतात. पण म्हणजेच अठरा वेळा हरतात. महिनाभर वाट पाहून एक्के आले आणि ते त्या अठरांत निघाले, तर माणसाला वाटतं जगाचा आपल्यावर काही राग आहे. जगाचा राग वगैरे काही नसतो. अठरा म्हणजे अठरा.

म्हणून आम्ही एक वही ठेवली आहे. तिच्यात किती जिंकलो ते लिहीत नाही. अवघड निर्णय आला, की त्या क्षणी काय दिसत होतं आणि काय ठरवलं ते दोन ओळींत लिहायचं. तेही शेवटचा पत्ता उघडण्याआधी. खेळ थोडा रेंगाळतो, पण नंतर वाचताना मजा येते. आठवण ही फार लबाड बाई आहे. निकाल कळला की ती मागचं सगळं निकालाला साजेसं शिवून ठेवते. वहीला ते करता येत नाही.

इथे कोणी म्हणेल, हे तर गीतेत आहे. फळाकडे बघू नका, कर्म करा. थोडं थांबा. पोकर खेळणारा फळ विसरत नाही. त्याला फळ हवंच आहे. तो फक्त एवढं म्हणतो, की एका फळावरून झाडाची परीक्षा करू नका. गीतेचं सांगणं याहून खोल आहे, त्याला आपण या टेबलावर ओढायला नको. मात्र एक गंमत सांगतो: त्याच गीतेत कृष्ण आपल्या विभूती सांगतो तेव्हा, फसवणाऱ्यांमधलं द्यूत मी, असंही म्हणतो. खेळाची ताकद किती आहे ते त्याला ठाऊक होतं.

इरेला पेटणं

पोकरच्या भाषेत एक शब्द आहे, टिल्ट. एखादा मोठा डाव दुर्दैवानं गेला की खेळाडूचं डोकं फिरतं आणि तो भलतंसलतं लावत सुटतो. आपल्याकडे याला जास्त चांगला शब्द आहे: इरेला पेटणं.

सभापर्वातला युधिष्ठिर आठवा. धन गेलं, गाई-घोडे गेले, राज्य गेलं. मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, स्वतः, आणि शेवटी द्रौपदी. त्याला खेळाची आवड होती पण खेळ येत नव्हता, हे शकुनीनं आधीच हेरलं होतं. आपण सगळे म्हणतो, शकुनी कपटी होता. होताच. पण क्षणभर कपट बाजूला ठेवा आणि फक्त पणांचा क्रम बघा. प्रत्येक पण आधीच्यापेक्षा मोठा. हरलेलं परत मिळवण्यासाठी हरलेल्याहून जास्त लावायचं. फासे अगदी सरळ असते तरी या रीतीनं खेळणारा माणूस कधीतरी तिथेच पोचला असता.

बेहड्याखालचा ऋतुपर्ण

आता तुमच्या ओळखीच्या एका झाडाकडे येतो. बेहडा. हिरडा-बेहडा आपल्या या रानातला. गोळा करून बाजारात नेणारे इथे समोर बसले असतील. त्रिफळ्यातला तो बेहडा.

वेदकाळात जुगाराचे फासे म्हणजे या बेहड्याची फळं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 34 वं सूक्त एका जुगाऱ्याचं आहे. बायको दुरावली, सासू तोंड बघत नाही, रोज ठरवतो की आज जाणार नाही, आणि फाशांचा आवाज आला की पाय तिकडे वळतात. इतक्या जुन्या काळी व्यसनाचं इतकं नेमकं वर्णन कोणीतरी केलं, आणि त्याच्या मुळाशी हे आपल्या रानातलं फळ आहे.

दुसरी गोष्ट नळाची. नळ द्यूतात राज्य हरला, दमयंतीला रानात टाकून गेला, आणि पुढे बाहुक नावानं ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. एकदा रथ वेगानं जात असताना ऋतुपर्ण एका बेहड्याकडे बोट दाखवून म्हणतो, याच्या दोन फांद्यांवर 2,095 फळं आहेत. नळ रथ थांबवतो. म्हणतो, मोजून बघणार. मोजतो, तर आकडा बरोबर! ऋतुपर्ण सांगतो, मला फाशांचं रहस्य येतं, म्हणून मला मोजणीही येते. मग नळ त्याला घोड्यांची विद्या देतो आणि त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचं हृदय, शिकतो. त्या क्षणी नळाच्या अंगातून कली बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात शिरतो.

इयन हॅकिंग नावाच्या तत्त्वज्ञानं 1975 मध्ये संभाव्यतेच्या कल्पनेवर एक ग्रंथ लिहिला, त्यात त्यानं या कथेची दखल घेतली. का घेतली? युरोपात संभाव्यतेचं गणित सुरू झालं असं मानतात ते 1654 मध्ये, पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून. आणि त्याचं निमित्तही जुगारच: अर्धवट मोडलेल्या खेळातले पैसे कसे वाटायचे? पण थोडं पाहून सगळ्याचा अंदाज बांधणं आणि फासे खेळणं, या दोन विद्या एकच आहेत, हे आपल्या कथाकाराला त्याच्या कितीतरी आधी जाणवलं होतं.

आणि कथेचा मला सर्वांत आवडणारा भाग असा. कली कधी जातो? नळ जिंकतो तेव्हा नाही. त्याला मोजता येऊ लागतं तेव्हा. जिंकतो तो नंतर. भावाला, पुष्कराला, पुन्हा खेळायला बोलावतो, एका डावात राज्य परत घेतो, आणि मग भावाला सोडून देतो, त्याचा वाटाही देतो. थांबतो. ही कथा वनवासात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला सांगतात आणि त्यालाही अक्षहृदय शिकवतात. पुढे अज्ञातवासात तोच युधिष्ठिर कंक नावानं विराट राजाबरोबर फासे खेळत वर्ष काढतो. माणूस तोच, खेळ तोच. पण आता त्याला खेळ येतो, आणि पणाला राज्य नाही, भाऊ नाहीत, द्रौपदी नाही.

ज्यांना पत्ते टाकता येत नाहीत

त्या ऋग्वेदातल्या जुगाऱ्याला शेवटी सल्ला मिळतो: फासे सोड, शेती कर. जव्हार-मोखाड्यात उभं राहून हा सल्ला वाचला की थोडं थबकायला होतं. कारण इथली डोंगरउताराची शेती काय आहे? राब भाजून ठेवायचा, पाऊस पडेल या भरवशावर पेरायचं, आवणीच्या वेळी पावसानं दडी मारली की आभाळाकडे बघायचं. वर्षात पाऊस धो धो पडतो, पण हवा तेव्हा पडेलच असं नाही, आणि माघानंतर पाण्याचे हंडे घेऊन चालायचं.

इथल्या शेतकऱ्याला संभाव्यता शिकवायला कोणी नको. खाचरात भात, वरकस जमिनीवर नागली आणि वरई, कडेला उडीद, तूर, खुरासणी. एक गेलं तर दुसरं तगेल. अलीकडे काहींनी मोगरा लावला, त्याच्या कळ्या थेट दादरच्या बाजारात जातात. एका पत्त्यावर सगळं लावायचं नाही, हे शहाणपण इथे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे.

पण मग फरक कुठे आहे? आमच्या शनिवारच्या टेबलावर पत्ते वाईट आले की मी ते टाकतो. काही जात नाही. शेतकऱ्याला जून महिना आवडला नाही म्हणून टाकता येत नाही. दिवाळीनंतर घर बंद करून भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबानं उचल आधीच घेतलेली असते. उचल घेतली म्हणजे हंगामभर बसावंच लागणार. पत्ते कसेही येवोत. निर्णय त्यांचाही हुशारीचा असतो, हातात जे आहे त्यातून सर्वांत कमी वाईट ते निवडलेलं असतं. फक्त उठून जाण्याची मुभा त्यात नसते.

म्हणून "आयुष्य म्हणजे पत्त्यांचा डाव, मिळालेले पत्ते नीट खेळा" असं कोणी भाषणात सांगितलं की मी सावध होतो. पत्ते नीट खेळणं हा एक प्रश्न. कोणाला किती चिंचोके देऊन बसवलं, आणि कोणाला उठता येतं, हा दुसरा. पोकरमधून पहिल्याचं उत्तर मिळतं. दुसऱ्याचं मिळत नाही. ते समाजाला द्यावं लागतं.

पैशाचा डाव

आणि नेमक्या याच ठिकाणी मला काळजी वाटते ती खिशातल्या फोनची. ज्याच्या आयुष्यात आधीच इतके न टाकता येणारे डाव आहेत, त्याला आणखी एक डाव विकला जातो आणि सांगितलं जातं, हा कौशल्याचा खेळ आहे.

कायद्यात कौशल्य की नशीब हा वाद जुना आहे. आपल्याकडे 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. त्यात निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले आहेत. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, रमीत मुख्यतः कौशल्य लागतं, कारण पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात. आणि त्याच निकालात तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा म्हटला. पोकरबद्दल न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयानं 2017 मध्ये त्याला जुगारात धरलं. मग ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं नवा कायदा केला, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवायला आणि त्यांची जाहिरात करायला बंदी घातली.

कायदा काय म्हणतो ते बाजूला ठेवून साधा हिशेब बघा. आम्ही सहा जण शंभर-शंभर चिंचोके घेऊन बसतो. रात्री मोजले तर सहाशेच भरतात. एकाचं गेलं ते दुसऱ्याकडे आलं. आता समजा टेबल मांडणारा प्रत्येक डावातून शंभराला पाच कापून घेतो. सरासरी डाव चाळीसचा, म्हणजे दोन चिंचोके गेले. फोनवर तासाला साठ डाव सहज होतात. एका तासात 120 चिंचोके गायब. पाच तासांत सहाशेच्या सहाशे. सगळे अगदी सारखे हुशार असले, कोणी फसवलं नाही, तरी पाच तासांत टेबल रिकामं. कौशल्य असेल, पण ते आधी मांडणाऱ्याचं पोट भरतं आणि उरलं तर तुमचं.

हातानं पत्ते पिसायला, वाटायला, चहा प्यायला वेळ लागतो. त्या वेळात डोकं थंड होतं. फोन तो वेळच काढून घेतो. इरेला पेटलेल्या माणसाला पुढचा डाव दोन सेकंदांत हजर.

तेव्हा शौक म्हणून खेळायचं असेल तर माझे चारच नियम आहेत. किती घालवायचं ते बसण्याआधी ठरवा, आणि ते असं असू द्या की गेलं तर घरात कोणाला कळणारसुद्धा नाही. उठायची वेळ आधी ठरवा. हरलेलं त्याच रात्री परत मिळवायला जाऊ नका. चिंचोके उसने घेणं तर नाहीच. आणि निर्णय लिहून ठेवा, निकाल नाही. चिंचोके पुरे आहेत. एकदा खेळून बघा, चिंचोका हरतानाही माणूस किती चिडतो ते!

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, मी शाळेत शिकवते. मुलांना पत्ते शिकवावेत असं तुम्ही म्हणताय का?

उत्तर : ताई, मुलांना अंदाज बांधायला शिकवा असं म्हणतो. त्याला पत्तेच हवेत असं नाही. ऋतुपर्णासारखं करा. आवारातल्या झाडाची एक फांदी मोजायला लावा, त्यावरून झाडाची फळं किती ते सांगायला लावा, आणि मग खरंच मोजा. अंदाज आधी वहीत लिहायचा, मोजणी नंतर. आणि अंदाज चुकला म्हणून ओरडायचं नाही. कसा बांधला ते विचारायचं. एवढं झालं तर पोकरमधलं मला जे सर्वांत मोलाचं वाटतं ते मुलांना मिळालं.

प्रश्न : माझा पुतण्या मोबाईलवर खेळतो. तो म्हणतो, मी एकूण फायद्यात आहे. त्याला काय सांगू?

उत्तर : सांगू काही नका. आधी रागावू तर नकाच, नाही तर तो लपवेल. शेजारी बसा आणि बँकेचा हिशेब दोघं मिळून काढा: खात्यातून किती गेले, किती आले. त्याला जिंकलेले डाव आठवत असतील, त्यात तो खोटं बोलतोय असं नाही, आठवण तशीच असते. आकडा समोर आला की मग एकच विचारा, "पुढचा महिनाभर हे बंद ठेवता येईल का?" तो सहज हो म्हणाला आणि त्यानं बंद ठेवलं, तर फारसं बिघडलेलं नाही. हो म्हणाला आणि ठेवता आलं नाही, तर मग हा शौक राहिलेला नाही, आणि तिथे उपदेशाचा उपयोग नाही. त्याला डॉक्टरकडे न्या, कर्ज असेल तर घरच्यांनी मिळून बघा. त्याला एकटं सोडू नका. नळालासुद्धा ऋतुपर्ण भेटावा लागला होता.

वेळ झाली आहे, शेवटच्या गाड्या निघतील. थांबतो.